एक नंबर मोठा द्या!

माझा धाकटा भाऊ साठीला टेकलाय. सह्याद्रीतले निम्मेअधिक किल्ले त्याने ॲक्शनच्या स्वस्त बुटांवर पालथे घातले, आणि येत्या फेब्रुवारीत तो ट्रेकिंगच्या मित्रांबरोबर गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालाय. माझी मुलगी नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला असते. तिथे हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी शहराच्या बसमध्ये लोक स्की खांद्यावर टाकून चढतात. दिवाळीला ती पुण्यात आली होती. एरवी मामा-भाचीचं अगदी गूळपीठ. पण बुटांचा विषय निघाला आणि फराळाची ताटं तशीच राहिली. दोघेही एकाच वेळी बोलतात, म्हणून थोडं आवरून मांडते आहे.

मामा : तू बुटांना पन्नास हजार दिलेस? स्कीसकट ना?

भाची : नुसत्या बुटांना. स्की मी अजून भाड्यानेच घेते.

मामा : मग उलटंच झालं की! स्की ही मुख्य वस्तू. बूट काय, पायात काहीतरी हवं म्हणून.

भाची : सगळ्यांना तसंच वाटतं. अरे, स्की वळवतो तो पाय, आणि पाय आणि स्की यांच्या मधे असतो फक्त बूट. नडगी बुटाच्या जिभेवर रेटली की स्कीचा पुढचा भाग दबतो. पाऊल कडेवर कललं की स्कीची कड बर्फात रुतते. बुटाच्या आत पाऊलच हलत असेल तर तू काय करतोयस ते स्कीला कळणार कधी? भाड्याच्या साध्या स्कीवरही मजा येते. वाईट बुटांत मात्र महागातली स्की असली तरी दुपारपर्यंत माणूस रडकुंडीला येतो.

मामा : रडायचं कशाला? दुखणारच. आमच्यातला एक जण मागच्या वर्षी जाऊन आला. परत आला तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळी होती, पण सांगताना नुसता खूश.

भाची : बूट कोणत्या नंबरचे घेतले होते त्याने?

मामा : नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. जाड मोजे घालायचे ना आत.

भाची : म्हणून नखं काळी पडली.

मामा : काहीतरीच! लहान बुटात नखं दुखतील. मोठ्यात कशी दुखतील?

भाची : मोठ्या बुटात पाऊल पुढे घसरतं. उतारावर प्रत्येक वळणाला अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो आणि नखाखाली रक्त साकळतं. टाच वर उचलली जाते, म्हणून माणूस बकलं आवळतो. पण टाच काही त्यामुळे खाली बसत नाही, दाब येतो तो पावलाच्या वरच्या उंचवट्यावर. तिथे कातडीखाली लगेच शिरा आणि नसा आहेत. त्या दबल्या की बोटांना मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग गारठा. तरीही पाऊल हलतच असतं, म्हणून बोटं नकळत आत वळून बुटाचा तळ धरायला बघतात आणि तळव्यात गोळा येतो. वर नडगी पुढेमागे होऊन जिभेवर थडकत राहते, त्याने तीही सोलवटते. आणि संध्याकाळी हा माणूस सांगतो काय, तर बूट घट्ट होता!

(हे ऐकून मला आमच्या लहानपणीची जून महिन्यातली बुटांची दुकानं आठवली. “वाढत्या अंगाचे द्या” या एका वाक्यावर आपल्या पिढ्यान् पिढ्या अर्ध्या सैल बुटांत शाळेत गेल्या. सैल म्हणजे सुखाचं, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय.)

मामा : बरं, मोठा नको, मापाचा घेतो. पण मापाचाही आधी चावणारच. नवी कोल्हापुरी आठवडाभर चावते. तेल लावायचं, घालत राहायचं. मग ती पायाची होते. दोन दिवस सोसले की बूटही बसेल.

भाची : कोल्हापुरी चामड्याची असते, चामडं पायापुढे नमतं. स्कीच्या बुटाचं बाहेरचं कवच कडक प्लास्टिकचं. त्यावर तेलाचा घाणा ओतलास तरी ते नमणार नाही. बसतं ते आतलं मऊ लायनर. ते दबतं, पातळ होतं, आणि बूट आणखी सैल होतो. दुकानात चप्पल घातल्यासारखा मऊ वाटलेला बूट काही दिवसांनी डुगडुगायला लागतो तो यामुळे. कवच जिथे हाडाला टोचतं तिथे ते दहाव्या दिवशीही टोचणार.

मामा : मग प्लास्टिक आणलं कशाला? तुझ्या इन्सब्रुकच्याच तिरोल प्रांतातला टोनी सायलर १९५६ च्या कोर्तिना ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगची तिन्ही सुवर्णपदकं घेऊन गेला. चामड्याच्या बुटांवर!

भाची : हे तुला कुठून ठाऊक?

मामा : ट्रेकर आहे मी, नुसते वडे खात नाही. बाईसाहेब, उत्तर द्या.

भाची : चामडं पायाला बरं होतं, पण ओलं झालं की लुळं पडायचं. वळणावर जोर लावला की बूटच वाकायचा. लेसांच्या जागी बकलं आणली स्वित्झर्लंडच्या हेन्के कंपनीने, पन्नाशीच्या दशकात. साठच्या दशकात अमेरिकेत बॉब लँगने प्लास्टिकचे बूट आणले आणि काही वर्षांत शर्यतींमधून चामडं हद्दपार झालं, कारण प्लास्टिक पायाचा जोर मधे खात नाही. इटलीत व्हेनेतो प्रांतात मोंतेबेल्लूना म्हणून गाव आहे. तिथले कारागीर पूर्वी डोंगरात चालण्याचे चामडी बूट शिवायचे, पुढे तेच गाव प्लास्टिकच्या स्की-बुटांची राजधानी झालं. बुटांचं एक संग्रहालयसुद्धा आहे तिथे. पण चामडं गेल्यावर बूट पायाशी जुळवून घेणं थांबलं. ते काम माणसावर आलं, म्हणून बूट बसवून देणारे लोक तयार झाले.

मामा : म्हणजे आधी अडचण विकायची, मग तिच्यावरचा इलाज विकायचा.

भाची : थोडंसं तसंच आहे.

(ही कबुली तिने फार सहज दिली. माझ्या मते मामाचा हा टोला बरोबर लागला होता. ऐंशीच्या दशकात मागून उघडणारे, एका बकलावर बंद होणारे बूट निघाले होते. घालायला सोपे, पायाला सुखाचे. लाखो लोकांनी घेतले. पण पावलावरची त्यांची पकड कमी पडते म्हणून पुढे ते मागे पडले. सुख आणि पकड यांचं भांडण या धंद्यात जुनंच आहे.)

मामा : बरं, त्या पन्नास हजारांत तुला मिळालं काय?

भाची : बूट बसवून देणाऱ्यांकडे गेले त्या दिवशी त्यांनी पहिला बराच वेळ बूट दाखवलाच नाही मला. अनवाणी उभं केलं, बसवलं, पाऊल किती पसरतं ते पाहिलं. उभं राहिलं की कमान दबते आणि पाऊल लांबतं, तेही मोजलं. मग बुटातून लायनर काढून टाकलं आणि नुसत्या कवचात पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवायची आणि टाचेच्या मागे किती जागा उरते ते बॅटरी लावून बघायचं. दीड सेंटिमीटरच्या आसपास असली तर ठीक. शिकाऊ माणसाला दोनपर्यंत चालते. अडीच असेल तर तो बूट तुझा नाही, आत कितीही गुबगुबीत वाटला तरी.

मामा : एवढंच? हे तर घरी करता येईल.

भाची : तेच तर सांगतेय! मग लायनर घालून बूट चढवला. ताठ उभी होते तेव्हा अंगठा पुढे टेकत होता. मी लगेच म्हणाले, लहान आहे. ते म्हणाले, गुडघे पुढे वाकवा. वाकले, टाच मागे खोबणीत बसली आणि अंगठा सुटला. दुकानात ताठ उभं राहून निर्णय घेतला की माणूस हमखास मोठा बूट घेऊन बाहेर पडतो, कारण स्कीवर कोणी ताठ उभं राहतच नाही. माझ्या करंगळीमागचं हाड बाहेर आहे. तिथे त्यांनी कवच तापवून आतून थोडं बाहेर रेटलं. तेवढ्या एका जागेसाठी मी आधी आख्खा नंबर मोठा घ्यायला निघाले होते.

मामा : माझा चवडा रुंद आहे. लहानपण वाईला अनवाणीच गेलं. मला तर मोठाच लागणार.

भाची : रुंद हवा, लांब नको. दोन वेगळी मापं आहेत ती. बुटाच्या आतल्या रुंदीला मिलिमीटरमध्ये आकडा असतो : ९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ आणि पुढे रुंद. बेल्जियमच्या संशोधकांनी २००९ साली दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांची पावलं मोजून प्रसिद्ध केली होती. ती चवड्याशी रुंद निघाली, युरोपियांची त्या मानाने अरुंद. आपल्याकडचे कित्येक लोक रुंदीसाठी लांबी विकत घेतात आणि टाचेकडे सैल राहतात. तुझं नशीब एवढंच, की भाड्याचे बूट बहुधा रुंदच असतात. सगळ्यांना बसावेत म्हणून तसे बनवतात.

मामा : म्हणजे माझ्यासारख्याने भाड्यानेच घ्यावेत!

भाची : तू आयुष्यात पहिल्यांदा जातोयस. घे की भाड्याने. मी कुठे विकत घे म्हणाले? मी म्हणतेय, सोसू नकोस.

मामा : आता आलीस वळणावर. भाड्याचा फायदा ऐक. चावला तर दुपारी बदलून मिळतो. तुझे पन्नास हजार एकदा पायात अडकले की अडकले. दुसरं, ते तळव्याचे खास साचे घेतलेस ना तू? आमच्यातल्या एकाला एका दुकानदाराने पाय बघण्याआधीच ते विकले.

भाची : पाय बघण्याआधी साचा सुचवणाऱ्याच्या दुकानातून निघून यावं. माझी कमान फार दबते, मला उपयोग झाला. सगळ्यांना होईल असं नाही. तसंच त्या कडकपणाच्या आकड्यांचं. बुटावर ८०, १००, १३० असे आकडे असतात, पण एका कंपनीचा १०० दुसरीच्या १०० सारखा असेलच असं नाही, आणि थंडीत प्लास्टिक आणखी कडक होतं. शिकणाऱ्याने मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नये.

मामा : आणि तिसरं. हे तुझे कारागीर सांगणार नाहीत. नवशिका माणूस घाबरतो. घाबरला की मागे झुकतो, पोटऱ्या आणि बोटं आवळून धरतो. कड्यावर नवीन पोरांना मी हेच करताना पाहिलंय. हातांना गोळे येतात ते दोराने नाही, भीतीने. निम्मं दुखणं बुटाचं नाही, डोक्याचं आहे.

भाची : बरोबर आहे. मागे झुकलं की नडगी जिभेवरून सुटते, बोटं पुढे जातात आणि मांड्या पेटतात. प्रशिक्षक दिवसभर “पुढे, पुढे” ओरडत असतो ते उगाच नाही. पण सैल बुटात पुढे झुकायला आधारच मिळत नाही, म्हणून माणूस जास्त घाबरतो. आधी कोण, भीती की बूट?

मामा : भीती.

भाची : बूट.

इथे मला मधे पडावं लागलं. माझ्या भावाला मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, साखर आटोक्यात आहे, आणि हे तो चारचौघांत सांगत नाही. “दुखलं तर दुखू दे” हे धोरण त्याच्यासाठी शौर्याचं राहत नाही, कारण जुन्या मधुमेहात पावलाची संवेदना कमी होत जाते. आधी दुखणंच कळत नाही. संध्याकाळी मोजा काढला की फोड दिसतो. निरोगी माणसाचा फोड चार दिवसांत सुकतो. मधुमेही पायावरचा फोड चिघळला की त्याची जखम महिनोन् महिने पुरते. गडांवर त्याचं निभावलं, कारण ॲक्शनचा बूट मऊ आणि पाऊलही जाणतं होतं. आता पाऊल काय सांगतं यावर विसंबून चालणार नाही, रोज डोळ्यांनी बघायला हवं. मी हे बोलले तेव्हा तो चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसला.

भाची : मामा, ऊठ. भिंतीला टाच लाव.

जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर भार देऊन अंगठ्यापुढे पेन्सिलीची खूण केली. उजवं पाऊल २६.७ सेंटिमीटर, डावं थोडं कमी. स्की-बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्याला वेगळं कोष्टक लागत नाही. भाऊ नेहमी नऊ नंबर घालतो. नंबरांच्या तक्त्यात नऊसमोर साधारण २८ येतं, त्यात जाड मोज्यांसाठी एक वाढवला की २९. म्हणजे २६.७ च्या पावलासाठी तो २९ चा बूट मागणार होता.

भाची : २७ पासून सुरुवात कर. २७ आणि २७.५ चं कवच बहुतेक एकच असतं, तेव्हा त्या अर्ध्यावर वाद घालू नकोस. आणि मोजे एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचे. आतली गरम विजार बुटात खुपसायची नाही, तिची चुणी नडगीवर रुतते.

मामा : तुझ्या आईने विणलेले लोकरीचे? दोन जोड आहेत.

भाची : हॉटेलात घाल. जाड मोजा आत चुरगळतो, ओला होतो आणि रक्त अडवतो. पायाला ऊब रक्ताची मिळते, लोकरीची नाही.

(याचं मला वाईट वाटलं, हे नोंदवून ठेवते.)

मामा : गुलमर्गला दुकानात रांग असते म्हणे. मी म्हणणार, थांबा, लायनर काढून कवचात पाय घालून बघतो. मागचे लोक मला बर्फात पुरतील.

भाची : मग तेवढं सोड. बूट चढव, टाच जमिनीवर ठोकून मागे बसव. नडगीवरची वरची बकलं आणि पट्टा आधी लाव, चार वेळा गुडघे वाकव, मग पावलावरचं बकल, आणि बोटांवरचं नुसतं अडकवून ठेव. आता पुढे वाकून टाच उचलायचा प्रयत्न कर. उचलली गेली तर लहान दे म्हण. सगळीकडून सारखा दाब वाटला तर चांगलं. एका ठिकाणी टोचलं, जळजळलं किंवा बधिर झालं तर बदल. दहा मिनिटं घालून तिथेच उभा राहा. गंडोल्याच्या पाळण्यात बसलास की बकलं सैल कर. रात्री बूट बाहेर ठेवू नकोस, गारठलेलं प्लास्टिक उघडता उघडत नाही. खोलीत ठेव, पण बुखारीला, म्हणजे तिथल्या शेगडीला, चिकटवूनही नको.

मामा : पन्नास हजारांत मिळालेली अक्कल फुकट देतेस.

भाची : फीचं काय ते आईकडे बघ.

मामाने एवढ्यावर माघार घेतली असं कोणी समजू नये. जाताना दारात त्याने पुन्हा सांगितलं, की निम्मं दुखणं डोक्याचं असतं आणि पन्नास हजारांचा बूट म्हणजे पुढच्या पिढीचा माज. त्यातलं पहिलं मला अर्धं पटतं. दुसरं, वर्षातून तीन-चारच दिवस बर्फावर जाणाऱ्याच्या बाबतीत, पूर्ण पटतं. दर आठवड्याला डोंगरावर जाणाऱ्या माझ्या मुलीच्या बाबतीत नाही. पण सोसण्यात काही कमाई आहे, हे मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि साठीच्या मधुमेही माणसाने तर ते मनातही आणू नये.

तुमच्यापैकी कोणी या हिवाळ्यात गुलमर्गला किंवा औलीला जाणार असेल, तर निघण्यापूर्वी संध्याकाळच्या वेळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, भिंतीला टाच लावून दोन्ही पावलं मोजा. मोठ्या पावलाचा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि दुकानदाराला तोच दाखवा. तुमच्या चपलेचा नंबर त्याला सांगू नका.